सांडपाण्याचा प्रवास

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत आहे. पाम हे गाव तिला लागूनच आहे. इथे औषधे, रसायने, कापड व पोलाद तयार होते. त्यासाठी पुष्कळ पाणी लागते. वापरून घाण झालेल्या पाण्याला सांडपाणी म्हणतात.

हे सांडपाणी पाइपांतून सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जाते. तिथे चुन्यासारखे पदार्थ घालून पाण्यातील आम्ल कमी करतात. गाळ खाली बसू देतात. मग पाण्यात हवा सोडतात. हवेमुळे सूक्ष्म जीव वाढतात व घाण खातात. शेवटी पाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात.

जुन्या केंद्राची क्षमता रोज अडीच कोटी लिटर होती. सांडपाणी मात्र त्याहून जास्त येत असे. ते नीट शुद्ध न होताच समुद्रात जाई. मासेमारीवर पोट भरणारे लोक काळजीत पडले. त्यांची संघटना, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२२ साली लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली.

पण भरपाईने मेलेले मासे परत येत नाहीत. म्हणून प्रत्येक कारखान्याने सांडपाणी आधी आपल्याच आवारात स्वच्छ करावे व जमेल तितके पुन्हा वापरावे. कारखाना एकाचा असतो. समुद्र सर्वांचा असतो.