छातीच्या कोटातील वाट

छत्रपती संभाजीनगरजवळ देवगिरीचा प्रसिद्ध किल्ला आहे. ताशीव कडे, खोल खंदक आणि ‘अंधारी’ नावाची काळोखी वाट यांमुळे त्यात शिरणे शत्रूला फार कठीण जाई. निसर्गाने मनुष्याच्या देहातही असाच एक कोट उभारला आहे. छातीत बरगड्यांच्या 12 जोड्या असून त्यांच्या आड हृदय व फुप्फुसे सुरक्षित असतात.

परंतु हा कोट वैद्यालाही अडवितो. फुप्फुसाभोवती पू साचला किंवा आत गाठ झाली, तर शस्त्रवैद्याने तेथे पोहोचावे कसे? पूर्वी छातीवर लांब छेद घेऊन बरगड्या फाकवाव्या लागत. रोग जाई, पण जखम फार दुखे. हाताला जखम झाली, तर हात स्थिर ठेवता येतो. श्वास मात्र थांबविता येत नाही. वेदनेच्या भयाने रुग्ण खोल श्वास घेईना, खोकेना. मग फुप्फुसात कफ साचून नवाच विकार उद्भवे.

1910 साली स्वीडन देशातील याकोबेउस नावाच्या वैद्याने निराळी वाट दाखविली. छातीला लहानसे छिद्र पाडून त्याने दिव्याची बारीक नळी आत घातली व आतील भाग प्रत्यक्ष पाहिला. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. म्हणून छातीत हवा भरून रोगी फुप्फुसाला विश्रांती देत. फुप्फुस छातीला चिकटलेले असले, तर ते बंध याच वाटेने तोडता येऊ लागले. पुढे क्षयावर औषधे निघाली आणि ही विद्या मागे पडली. 1990 च्या सुमारास चिमुकले कॅमेरे आले व तिला पुन्हा चांगले दिवस आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली अशाच रीतीने पोटातील पित्ताशय काढले.

आता छातीच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला भूल देऊन एका फुप्फुसाचे काम काही वेळ थांबवितात. दुसरे फुप्फुस श्वास चालू ठेवते. बरगड्यांमधून दोन-तीन छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण आणि इतरांतून लांब दांड्यांची हत्यारे आत जातात. पडद्यावर पाहून शस्त्रवैद्य काम करतो. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, त्यामुळे वेदना कमी होतात. रुग्ण लवकर उठून बसतो, खोल श्वास घेतो व खोकू शकतो.

तथापि ही रीत प्रत्येक रुग्णाला उपयोगी पडतेच असे नाही. मध्येच फार रक्त वाहू लागले, तर शस्त्रवैद्य हट्ट न धरता छाती उघडतो. लहान छिद्राचे कौतुक खरे. पण रुग्णाचा प्राण त्याहून मोलाचा.

प्रश्न
1. छातीला ‘कोट’ का म्हटले आहे?
2. छातीची जखम हाताच्या जखमेहून अधिक त्रासदायक का ठरे?