उंच केलेली गाडी आणि मागच्या चाकाची चाल

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांचा बहुतांश भाग सातपुड्याच्या रांगांत विखुरलेला आहे. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या परिसरात एस.टी. पोहोचते तेथपर्यंत प्रश्न नाही. पुढे पाड्यापर्यंतचा प्रवास जीप, काळी-पिवळी किंवा पिकअप यांच्या भरवशावर होतो. आमच्या निवासी शाळेतील कितीतरी मुले-मुली होळीला आणि दिवाळीला याच गाड्यांनी घरी जातात. रात्री अडलेल्या बाळंतिणीला पाड्यातून झोळीत घालून आणल्यानंतर डांबरी रस्त्यापर्यंत नेणारी गाडीही हीच असते. त्यामुळे या गाडीचे मागचे चाक किती वर-खाली होऊ शकते, हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

दगडगोटे, चाऱ्या आणि फरशीपूल पार करण्यासाठी गाडी उंच करून घेण्याची पद्धत आता सर्वांच्या परिचयाची आहे. उंच गाडी म्हणजे डोंगराची गाडी, असा समजही त्याबरोबर रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या समजाची तपासणी करणार आहोत. गाडीची उंची ही एक गोष्ट आहे, आणि चाकाची चाल ही दुसरी. पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही. अनेकदा ती घटते.

प्रथम रचना समजून घेऊ. बैलगाडीला स्प्रिंग नसते; आस आणि साटा एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, म्हणून चाकाला बसलेला धक्का जसाच्या तसा मणक्यात उतरतो. पोलादी पाट्यांची कमान करून तिच्यावर घोडागाडीचा सांगाडा टेकवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेटंट करून घेतली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या चारही चाकांना असेच पाटे होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत ह्याच जीपची जोडणी सुरू केली आणि तिच्या वंशातील गाड्या आपल्या डोंगरांत आल्या. नाशिकला तयार होणाऱ्या बोलेरोच्या मागच्या बाजूस आजही पाटेच दिसतात. २०२० साली आलेल्या नव्या थारला मात्र मागे गुंडाळीची स्प्रिंग आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला गंमत वाटावी अशी ही गोष्ट आहे: घोडागाडीसाठी काढलेली कल्पना दोनशे वर्षांनंतरही तोरणमाळचा घाट चढते आहे.

गाडीच्या मागे वाकून पाहिले तर एकावर एक रचलेले पाटे दिसतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा चेसीला पिनेने पक्का जोडलेला असतो, तर मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असतो. वजन आले की कमान सपाट होते आणि सपाट होताना लांबते. त्या लांबण्याला जागा मिळावी म्हणून शॅकल झुलते. पाट्यांच्या मध्यभागी यू-बोल्टने मागच्या अॅक्सलचे हाउसिंग आवळलेले असते. चेसीखाली रबरी ठोकळा असतो. चाक फार वर आले तर हाउसिंग त्याच्यावर टेकते. शेजारी तिरका शॉकअॅब्सॉर्बर असतो. गाडी तोलून धरणे हे त्याचे काम नव्हे. पाट्यांचे हेलकावे शमवणे हे त्याचे काम आहे.

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाक ज्या जागी असते, तेथून रबरी ठोकळ्यापर्यंत ते जितके वर जाऊ शकते ती वरची चाल. तेथूनच ते जितके खाली उतरू शकते ती खालची चाल. दोहोंची बेरीज म्हणजे चाकाची एकूण चाल. धक्का खाणाऱ्या प्रवाशाला वरची चाल लगेच समजते. खालच्या चालीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या मते डोंगरात अधिक मोलाची तीच आहे.

नाला तिरका ओलांडणारी जीप डोळ्यांपुढे आणावी. मागचे डावे चाक दगडावर चढले आणि उजव्या चाकाखाली खळगा आला. उजवे चाक खळग्यात उतरू शकले तर चारही चाके जमिनीला धरून राहतात. ते उतरू शकले नाही तर दोनच गोष्टी संभवतात: एकतर संपूर्ण गाडी उजवीकडे कलते, नाहीतर ते चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. अधांतरी चाकाला फिरायला पीळ जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. हवेतले चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी प्रवाशांना उतरवून धक्का देण्याचा प्रसंग आपल्याकडे कोणी पाहिला नाही?

आता गाडी उंच करण्याच्या रीतींकडे वळू. सर्वांत प्रचलित रीत म्हणजे जादा पाटे घालणे. पाट्यांची लांबी, रुंदी व जाडी तीच ठेवली तर स्प्रिंगचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, हा यंत्रशास्त्रातील ढोबळ नियम आहे. समजुतीसाठी आकडे घेऊ. पाच पाट्यांची कमान गाडीच्या स्वतःच्या वजनाने १०० मिलिमीटर दबते असे मानू. त्याच घडणीचे आणखी दोन पाटे घातले की तेवढ्याच वजनाने ती १०० चे पाच सप्तमांश, म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटरच दबेल. गाडी २९ मिलिमीटर उंच झाली. परंतु चाक खाली ढकलणारे बळ कोठून येते? दबलेल्या कमानीतूनच. पूर्वी खळगा आला की कमान चाकाला १०० मिलिमीटरपर्यंत खाली दाबत होती. आता ती ७१ मिलिमीटरनंतर सैल पडते. जितकी उंची मिळाली, नेमकी तितकीच खालची चाल गेली.

हे गणित आम्ही फळ्यावर मांडतो तेव्हा मुले प्रथम ते मान्य करीत नाहीत. बांबूच्या कामट्या बांधून, त्यांवर विटा ठेवून, पट्टीने मोजू दिले की मान्य करतात. जाडीचा परिणाम तर याहून तीव्र आहे: कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दुप्पट जाडीचा पाटा आठपट कडक होतो. माल वाहणाऱ्या पिकअपला कडक पाटे लागतात, हे खरे. परंतु तीच गाडी रिकामी असताना मागे रुग्णाला निजवून नेली, तर प्रत्येक दगड त्या रुग्णाच्या अंगात जातो. गरोदर स्त्रीला अॅक्सलच्या थेट वर न ठेवता शक्य तितके पुढे, दोन अॅक्सलच्या दरम्यान ठेवावे, ही साधी सूचना येथे करणे आम्हांस आवश्यक वाटते.

दुसरी रीत म्हणजे पाटे आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. येथे पाटे बदलत नाहीत, म्हणून कडकपणा वाढत नाही. अडचण शॉकअॅब्सॉर्बरमध्ये येते. पुन्हा आकडेच घेऊ. शॉकअॅब्सॉर्बर मिटल्यावर ३०० मिलिमीटर आणि पूर्ण उघडल्यावर ४८० मिलिमीटर लांब आहे. गाडी उभी असताना त्याची लांबी ३८० आहे. म्हणजे वर ८० आणि खाली १०० मिलिमीटर मोकळीक. ५० मिलिमीटरचा ठोकळा घातला की अॅक्सल चेसीपासून तितके दूर गेले, उभ्या गाडीत शॉकअॅब्सॉर्बरची लांबी ४३० झाली. आता वर १३०, पण खाली अवघी ५०. बेरीज १८० ची तशीच राहिली. विभागणी मात्र बिघडली. चाक खळग्यात उतरू लागले की शॉकअॅब्सॉर्बर ताणून त्याच्या टोकाला अडतो, आणि ज्याने केवळ हेलकावे शमवायचे तोच संपूर्ण हाउसिंगचे वजन धरून लोंबतो. त्याच्या बुशा फाटतात, कधी पकडीचे वेल्डिंग सुटते.

यावर लांब शॉकअॅब्सॉर्बर बसवावा, हे बरोबर. परंतु लांब शॉकअॅब्सॉर्बर मिटल्यावरही जुन्यापेक्षा लांबच राहतो. समजा तो मिटून ३६० आणि उघडून ५९० आहे. ४३० वर उभ्या गाडीत खाली १६० मिळाले, वर ७० राहिले. रबरी ठोकळ्यापर्यंतचे अंतर पूर्वी ७५ असेल तर आता ते १२५ झाले आहे. म्हणजे हाउसिंग रबरावर टेकण्यापूर्वीच शॉकअॅब्सॉर्बर आतून ठोकला जाणार. म्हणून रबरी ठोकळाही सुमारे ६० मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. एक वस्तू बदलली की तीन बदलाव्या लागतात, त्या अशा. उंच ठोकळ्याचा आणखी एक दोष म्हणजे चढावर जोर देताना हाउसिंग पाट्यांना पिळू लागते आणि कमानीला सापाच्या वळणासारखा आकार येतो.

शॅकल लांब करण्याची तिसरी रीत स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे. ती केवळ एकच टोक खाली ढकलते, म्हणून शॅकल जितकी लांब केली त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, आणि हाउसिंगचे तोंड फिरते. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसजवळचे कोन सारखे असावे लागतात. ते बिघडले की शाफ्ट थरथरतो. ही रीत आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

उंचीची किंमत तोलातही मोजावी लागते. दोन मागच्या चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर असेल, तर निव्वळ भूमितीनुसार गाडी ४५ अंशांवर उलटेल. गुरुत्वमध्य ७५० वर गेला की हा कोन ४३ होतो. टपावर माणसे व गाठोडी चढवून तो ९०० वर नेला की कोन ३८ वर येतो. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, म्हणून गाडी याआधीच जाते. उंच केल्याने दोन अंश गेले, टपावरच्या माणसांनी पाच. चांदशैली घाटात आणि तोरणमाळच्या वाटेवर माणसांनी भरलेल्या पिकअप दरीत गेल्याच्या बातम्या जिल्ह्याने वाचल्या आहेत. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि ती येथे बसून ठरवणे अनुचित होय. परंतु टपावरचा भार हा कोणत्याही घाटात धोक्याचाच.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही.

ज्यांच्या घरी अशी उंच केलेली गाडी आहे, त्यांनी पुढील मोजणी करून पाहावी. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून खडूने लिहावे. मग चेसीला जॅक लावून मागची बाजू सावकाश उचलावी आणि चाक जमीन सोडू लागताच पुन्हा तेच अंतर मोजावे. दोन आकड्यांतील फरक ही त्या चाकाची खालची चाल. चेसीखाली भक्कम लाकडी ठोकळे दिल्यावाचून कोणीही खाली वाकू नये. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये.

चाक असे लोंबत असतानाच विजेरी घेऊन चेसीपासून हाउसिंगवर येणारी ब्रेकची रबरी नळी पाहावी. गाडी उंच करताना ही नळी बहुधा जुनीच राहते. ती तारेसारखी ताठ झाली असेल, तर एखाद्या खोल खळग्यात ती तुटेल आणि उतारावर ब्रेक जाईल. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते. गाडी उंच झाली की हा व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीलाही रिकामी समजतो व मागचा ब्रेक कमी देतो. दांडी नव्याने जुळवून घ्यावी लागते. नळी ताठ आढळल्यास लांब नळी बसेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये, मग भाडे बुडाले तरी चालेल.