यादीवरील दोन अक्षरे

भारतात सर्वसाधारण मतदाराला आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांनाही मतदानाच्या दिवशीच कळते. मतदाराच्या वतीने मत देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला कायद्याच्या भाषेत प्रतिपत्री आणि बोलण्यात प्रॉक्सी म्हणतात. ही सोय २००३ पासून केवळ सैन्यदलांतील व लष्करी कायदा लागू असलेल्या दलांतील सेवा मतदारांना आहे, आणि प्रतिपत्रीला स्वतःचेही मत असल्यामुळे त्याच्या तर्जनीऐवजी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. परदेशस्थ भारतीयांना नमुना ६-अ भरून यादीत नाव नोंदवता येते, पण मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर यावेच लागते. त्यांना प्रतिपत्री नेमू देणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले, मात्र राज्यसभेची मोहोर त्यावर उमटली नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बाद झाले.

घराबाहेर पडणे ज्यांना जड जाते अशा ८५ वर्षांवरील मतदारांसाठी आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी गृहमतदान हा मार्ग उरतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. तो बहुधा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरी येऊन देतो व घेऊन जातो. अर्ज मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी पथक घरी येते आणि मतदार पडद्याआड टपाली मतपत्रिकेवर खूण करतो. या सोयीची दुसरी बाजू मात्र कोणी नीट समजावून सांगत नाही: अर्ज मंजूर होताच केंद्रावरील यादीत त्या नावापुढे ‘पीबी’, म्हणजे टपाली मतपत्रिका, अशी खूण पडते आणि केंद्रावर जाऊन मत देण्याचा हक्क संपतो. पहिल्या भेटीत मतदार भेटला नाही तर पथकाने दुसऱ्यांदा यायचे असते; दुसऱ्या भेटीतही तो नसेल, तर मत गेलेच.

प्रस्तुत लेखकाच्या ८८ वर्षांच्या मातोश्रींचे मत २० नोव्हेंबर २०२४ रोजी, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानात, नेमके असे गेले. अर्ज मुदतीत दिला होता, त्याची पोच कुटुंबाजवळ आहे, आणि अर्जात लिहिलेला मोबाइल क्रमांक चालू होता. तरीही पथक कधी येणार हे कोणी कळवले नाही. मतदानाच्या दिवसापर्यंत कोणी आले नाही तेव्हा विसर पडला असावा असे गृहीत धरून त्यांना रिक्षाने केंद्रावर नेण्यात आले. ठेवणीतले लुगडे नेसून आणि ओळखपत्र रुमालात गुंडाळून त्या निघाल्या होत्या. पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीतल्या ओळीवर पट्टी ठेवली, आणि तो अडखळला. मातोश्रींनी तोवर डाव्या हाताची तर्जनी पुढे केली होती. नावापुढे तांबड्या शाईत ती दोन अक्षरे होती. केंद्राध्यक्षांनी नियम सांगितला, आणि तो बरोबर होता, हे मान्य करावेच लागेल. बोट मागे घेताना त्या लेखकाला म्हणाल्या, “मग माझ्याऐवजी तू टाक ना, बाळा.” या वाक्याला उत्तर देणे फार कठीण गेले.

दूरध्वनीवर संबंधित कर्मचाऱ्याने सांगितले की, पथक दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा दार बंद होते. ज्या घरात वृद्ध आई दिवसभर असते आणि मदतनीस बाई सकाळी आठ ते सायंकाळी सहापर्यंत हजर असते, त्या घराचे दार दोनदा बंद सापडावे, हे लेखकाला आजही पटत नाही. बोलण्याच्या ओघात वयाची माणसे ‘कुठे ना कुठे जातातच’ असेही ऐकवण्यात आले, आणि चुकीपेक्षाही ते अधिक झोंबले.

म्हणून ज्यांच्या घरी असे मतदार आहेत त्यांनी १२-ड हा सवलतीचा कागद समजू नये; ती केंद्रावरचे मत सोडून देण्याची सही आहे. मतदाराला खुर्चीवर बसवून नेता येत असेल, तर केंद्र गाठणेच बरे, कारण तिथे चाकांची खुर्ची व सोबतीची सोय असते आणि आपण पोहोचलो की नाही हे दुसऱ्याच्या नोंदीवर अवलंबून राहत नाही. अर्ज दिलाच, तर पोच घ्यावी, पथकाची तारीख बीएलओकडे स्वतः चौकशी करून मिळवावी, आणि त्या दिवशी दवाखान्याची वेळही पुढे ढकलावी. तारीख कळली नाही, तर मतदानाच्या दिवसाची वाट न पाहता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी. ही विचारणा लेखकाने केली नाही, एवढी चूक त्याच्या पदरी आहे. बाकी नाव यादीत आहे की नाही हे आधी तपासावे, पत्ता बदलला असल्यास नमुना ८ भरावा, उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर नाव घालता येत नाही हे लक्षात ठेवावे, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात.

पथकाच्या दोन्ही भेटींची नोंद आणि चित्रीकरण दाखवावे, असा अर्ज लेखकाने नंतर दिला. त्याची शिक्का मारलेली पोच १२-डच्या पोचेसोबत टाचून ठेवलेली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.