तोंडावाचून जेवणारा प्राणी

प्राणी म्हटला की त्याला तोंड आणि पोट असायचेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पट्टकृमी हा या समजुतीला अपवाद आहे. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या लहान आतड्यात शिरणारा टीनिया सोलियम २ ते ७ मीटर लांब वाढतो; परंतु त्याला ना तोंड, ना अन्ननलिका! डोक्यावरील आकडे व चूषके केवळ आतड्याला चिकटून राहण्यासाठी असतात. मग तो जेवतो कसा?

उत्तर त्याच्या देहावरणात आहे. हे आवरण म्हणजे निर्जीव साल, असे पूर्वी मानले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही कल्पना पार बदलून टाकली. आवरण सजीव, सलग पेशीद्रव्याचे असते. त्याची केंद्रके मात्र खाली खोलवर सुरक्षित असतात. पृष्ठभागावर केसांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असल्यामुळे शोषणाचे क्षेत्र पुष्कळ वाढते. आपल्या आतड्याच्या अस्तराची रचनाही अशीच असते. जणू आतडे उलटे करून या प्राण्याने अंगावर पांघरले आहे!

माणसाने खाल्लेले व पचविलेले अन्न त्याला आयतेच मिळते. तथापि ग्लुकोज नुसते झिरपून आत जात नाही. आवरणाच्या पटलातील वाहक प्रथिने सोडियमच्या साहाय्याने ते आत ओढतात. त्यामुळे बाहेर ग्लुकोज थोडे असले तरी कृमीची उपासमार होत नाही. ॲमिनो आम्लांसाठी वेगळे वाहक असतात. उंदरांच्या आतड्यात राहणाऱ्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या पट्टकृमीवरील प्रयोगांतून यातील बरीच माहिती हाती आली.

जे आवरण कृमीला पोसते, तेच त्याचे मर्मस्थानही ठरते. प्राझिक्वांटेल या औषधाने आवरणाला इजा होते, कॅल्शियम वेगाने आत शिरते, स्नायू आखडतात आणि आतड्यावरील पकड सुटते. अल्बेंडाझोल ग्लुकोजचे शोषण रोखून कृमीची रसद तोडते.

‘आम्ही शाकाहारी, आम्हांला काय भीती?’ असे म्हणून मात्र चालणार नाही. या कृमीची अंडी रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवाटे व भाजीवाटे कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. त्यांतून निघालेले डिंभ मेंदूत ठाण मांडून बसले, तर फेफरे येते. तेथेही ते आपल्या पृष्ठभागातूनच पोषण घेतात. अशा डिंभांवरील औषधाने मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागतात. त्यापेक्षा शौचालयाचा वापर, साबणाने धुतलेले हात आणि नीट शिजवलेले अन्न हे उपाय कितीतरी सोपे आहेत.