ड्रोनच्या चित्रफितीतील उजेडाचा चढउतार व त्यावरील उपाय

वऱ्हाडातील शिवारांवरून ड्रोन उडताना दिसणे आता नवलाईचे राहिलेले नाही. फवारणीचे मोठे ड्रोन तर आहेतच. परंतु पिकांची पाहणी, अतिवृष्टीने झालेल्या हानीची नोंद व प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती ह्यांसाठी कॅमेरा बसविलेले लहान ड्रोनही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या व तरुण शेतकऱ्यांच्या हाती आले आहेत. ह्या चित्रफिती पाहताना एक दोष वारंवार आढळून येतो. चित्र मध्येच उजळते, मध्येच काळवंडते; आणि एकाच वावरातील एकसारखे पीक दोन ठिकाणी दोन रंगांचे दिसते.

हा दोष केवळ दिसण्यापुरता नसतो, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीमुळे कळले. मूर्तिजापूर तालुक्यातील एका शिवारात सखल भागात पाणी साचून सोयाबीन पिवळे पडले होते. त्याची चित्रफीत घेताना कॅमेऱ्याचे सर्व काम आपोआप चालणाऱ्या पद्धतीवर सोडले. साचलेल्या पाण्यात आभाळ चकाकत होते; त्यामुळे कॅमेऱ्याने सगळेच चित्र मंद केले आणि शेजारचे पिवळे पीक गडद हिरवे भासू लागले. चित्रफीत पाहून शेतकरी म्हणाला, “साहेब, माहं सोयाबीन पिवयं पडलं, अन् याच्यात तं हिरवंगार दिसते!” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा पाणी ओसरले होते. पंचनाम्यास चित्रफितीची जोड मिळावयाची ती मिळाली नाही, आणि पहिली चित्रफीत दाखविली असती तर ती त्या शेतकऱ्याच्या विरुद्धच गेली असती.

ह्याचे कारण समजून घेणे अवघड नाही. समोर काय आहे हे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेस कळत नाही. एकूण चित्र मध्यम करड्या छटेचे यावे एवढेच ती पाहते. पूर्णेच्या खोऱ्यातील ओली काळी जमीन चौकटीत आली, की यंत्रणेस उजेड कमी वाटतो व ती चित्र उजळ करते. त्याच चौकटीत फुटलेला कापूस असेल, तर बोंडे पांढऱ्या ठिपक्यांसारखी जळून जातात व त्यांवरील डाग किंवा कूज दिसेनाशी होते. उलटपक्षी, अकोटकडे सातपुड्याच्या दिशेने कॅमेरा वर उचलला व अर्धी चौकट आभाळाने भरली, की खालची पऱ्हाटी काळवंडते. ड्रोन वावरावरून धुऱ्यावर, धुऱ्यावरून पांढुरक्या रस्त्यावर, तेथून गोदामाच्या टिनावर गेला, की प्रत्येक ठिकाणी यंत्रणा नव्याने हिशेब करते. चढउतार दिसतो तो ह्या हिशेबांचा.

सबब पहिला उपाय हा, की उड्डाण सुरू झाल्यावर मोजमाप एकदा करून ते कुलूपबंद करावे. बहुतेक ड्रोनांच्या पडद्यावर ‘एई लॉक’ हे बटण असते. ड्रोन प्रथम उन्हातील हिरव्या पिकावर स्थिर करावा, कॅमेरा खाली वळवावा, चित्र योग्य दिसताच कुलूप लावावे आणि मगच चित्रीकरण सुरू करावे. चौकटीतील सर्वांत उजळ वस्तू, म्हणजे फुटलेला कापूस, टिन वा पाणी, जळत नाही ना हे आधी पाहावे. पडद्यावर तिरप्या रेघा दाखविण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. ह्या रेघा जेथे उमटतात तेथील उजेड मर्यादेबाहेर गेलेला असतो. एकदा जळालेला पांढरा भाग नंतर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. थोडे काळे राहिलेले चित्र मात्र मागाहून बऱ्याच अंशी उजळता येते. म्हणून संशय असेल तेव्हा चित्र किंचित मंद ठेवणेच शहाणपणाचे होय. रंगाचा समतोलही, म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स’, आपोआप पद्धतीवर न ठेवता ‘ऊन’ वा ‘ढगाळ’ असा ठरवून द्यावा. नाहीतर उजेड स्थिर राहूनही पिवळे-हिरवे बदलत राहते.

ज्यांस थोडा सराव आहे त्यांनी सर्व आकडे हातानेच ठरवावेत. आयएसओ १०० ठेवावा. लहान ड्रोनांत भिंगाचे छिद्र बहुधा कायम असते. ते एफ २.८ असल्यास भर उन्हात शटर सुमारे १/३२०० सेकंद येते. माहितीपटासाठी सेकंदास २५ चित्रे घेताना शटर १/५० असावे, म्हणजे हालचाल डोळ्यांस सहज वाटते, असा संकेत आहे. त्यासाठी उजेड चौसष्टाव्या हिश्शावर आणावा लागतो, आणि ते काम भिंगावर बसविण्याची ‘एनडी ६४’ ही काळी काच करते. पूर्ण ढगाळ दिवशी ‘एनडी ८’ पुरते.

परंतु पाहणीसाठी ह्या काचेचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेकंदास ५ मीटर वेगाने उडणारा ड्रोन १/५० सेकंदात १० सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्यात कापसाचे बोंड पुसट होऊन जाते, मग त्यावरील डाग कोठून दिसणार? शटर १/१००० केल्यास हे सरकणे ५ मिलिमीटरवर येते. हानीची नोंद करताना काच काढून ठेवावी, शटर जलद ठेवावे आणि वेग कमी करावा.

ऑगस्ट-सप्टेंबरात ढगांची ये-जा असते. कुलूप लावल्यावर ढग आडवा आला तर चित्र खरोखरच काळवंडेल; हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. ढग सरेपर्यंत थांबावे. सूर्याकडे तोंड करून उडताना पंख्याच्या पात्यांची सावली भिंगावर पडून चित्र लुकलुकते. तेव्हा दिशा बदलावी किंवा कॅमेरा अधिक खाली झुकवावा. सूर्य माथ्याजवळ असता सरळ खाली पाहिल्यास ड्रोनच्या स्वतःच्या सावलीभोवती पीक अधिक उजळ दिसते. तो उजळ ठिपका ड्रोनबरोबर सरकतो. त्यास रोग वा खताचा परिणाम समजू नये. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीही सुमारे ४६ अंशांवरच असतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत सकाळी-संध्याकाळी सावल्या फार लांबतात. पाहणी मध्यान्हीच्या आसपास करावी.

दोन वावरांची किंवा दोन आठवड्यांची तुलना करावयाची असेल, तर दोन्ही वेळा तीच उंची, तीच वेळ व तेच आकडे ठेवावेत. आपोआप घेतलेल्या दोन चित्रफिती शेजारी ठेवून पिकाचा हिरवेपणा ठरविणे चुकीचे आहे. बहुवर्णी कॅमेऱ्याने पाहणी करणारे तज्ज्ञदेखील ठरावीक करड्या फलकाचे छायाचित्र घेऊन उजेडाचा हिशेब जुळवितात. साध्या ड्रोनवाल्यानेही राखाडी रंग दिलेली एक पाटी धुऱ्यावर उन्हात ठेवून प्रत्येक उड्डाणाच्या आरंभी ती चौकटीत घ्यावी. खर्च नगण्य आहे.

उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावयास विसरू नये. ड्रोन नियम २०२१ अन्वये हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगीवाचून उडता येते. परंतु अमरावतीजवळ बेलोरा व अकोल्याजवळ शिवणी येथे विमानतळ असल्याने त्या भागांतील गावांनी विशेष दक्षता घ्यावी. आणि वहीत तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, आयएसओ, शटर व उंची ह्यांची नोंद चित्रीकरण संपताच बांधावरच करून ठेवावी. घरी पोहोचेपर्यंत ह्यांतील निम्मे आकडे विसरले जातात.