आधी वाचन, मग सूत्र

नर्सिंगच्या परीक्षेतील औषधमात्रेची गणिते आणि साहित्याच्या परीक्षेतील रसग्रहण हे विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे आहेत. एकाचे उत्तर मिलिलिटरमध्ये येते, तर दुसऱ्याचे परिच्छेदांत लिहावे लागते. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत नर्सिंगच्या एकाच विद्यार्थ्याला दोन्ही प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागते, महाराष्ट्रात त्या बहुधा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी देतात. परंतु दोन्हीकडे गुण जाण्याचे कारण पुष्कळदा एकच असते. सूत्र किंवा तयार उत्तर आधी पाठ केले जाते आणि समोरचा मजकूर नंतर, तोही अर्धवट, वाचला जातो. उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखिकेला वारंवार आलेला हा अनुभव, पुढच्या परीक्षार्थींनी वेळीच सावध व्हावे म्हणून, येथे मार्गदर्शनाच्या रूपात मांडला आहे.

औषधमात्रेचे मूळ सूत्र म्हणजे शाळेत शिकलेले त्रैराशिकच होय: लिहून दिलेल्या मात्रेला उपलब्ध मात्रेने भागायचे आणि ती उपलब्ध मात्रा जेवढ्या द्रवात आहे, तेवढ्या मिलिलिटरने गुणायचे. हे सूत्र सहसा कोणी विसरत नाही. कोणती संख्या कोठे ठेवायची, हे ठरवताना मात्र चूक होते. समजा, १२ किलो वजनाच्या बालकाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात पॅरासिटामॉल लिहून दिले आहे, म्हणजे एका वेळची मात्रा १८० मिलिग्रॅम झाली. हाती असलेल्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असेल तर ७.५ मिलिलिटर, २५० मिलिग्रॅम असेल तर ३.६ मिलिलिटर, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबांचे औषध असेल तर १.८ मिलिलिटर द्यावे लागेल. बालक तेच आणि औषधही तेच असताना केवळ बाटली बदलल्याने उत्तर बदलते. लेबलवरून २५० एवढाच आकडा उचलून ‘५ मिलिलिटरमध्ये’ हे शब्द सोडून देणाऱ्याचे उत्तर ०.७२ मिलिलिटर येते, म्हणजे त्या बालकाला हव्या त्या मात्रेचा पाचवा हिस्साच मिळतो.

एककांच्या बाबतीत हीच दक्षता आणखी काटेकोर असावी लागते. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम असल्याने दशांशचिन्ह चुकून एक घर सरकले तरी मात्रा दहापट वाढते किंवा घटते. द्रावणाची तीव्रता टक्क्यांत दिली असेल, तर १०० मिलिलिटरमध्ये तितके ग्रॅम औषध आहे असा तिचा अर्थ असतो. म्हणून २ टक्के लिग्नोकेनच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. तीव्रता गुणोत्तरात दिलेली असते तेव्हा मोठ्या आकड्याने फसगत होते: १:१००० ॲड्रिनलिनच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, तर १:१०,००० च्या १ मिलिलिटरमध्ये केवळ ०.१ मिलिग्रॅम औषध असते. इन्सुलिनचे उदाहरण भारतातील विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे, कारण येथे मिलिलिटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिन वापरात असून त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, पहिल्याची लाल टोपणाची आणि दुसऱ्याची नारिंगी टोपणाची, असतात. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट, शरीरात जातील आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकेल.

लिहिण्याची शिस्तही याच अभ्यासात मोडते. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहू नये, कारण ५.० हे घाईत ५० असे वाचले जाते. दशांश अपूर्णांकाआधी मात्र शून्य लिहिलेच पाहिजे, कारण नुसते .५ हे ५ असे वाचले जाते. आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याच्या रोमन आद्याक्षराचे शून्य होऊ शकते. सलाइनच्या गणितात एकूण मिलिलिटरला संचाच्या थेंबसंख्येने गुणून मिनिटांनी भागतात. १००० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे असल्यास मिलिलिटरला २० थेंबांच्या संचातून मिनिटाला सुमारे ४२, तर ६० थेंबांच्या सूक्ष्म संचातून १२५ थेंब पडावे लागतात. म्हणून संचाच्या वेष्टनावरील संख्या वाचल्याशिवाय आकडेमोडीला हात घालू नये, आणि ती करण्यापूर्वी उत्तराचा तोंडी अंदाज बांधावा. अंदाज आणि उत्तर यांत मोठे अंतर पडले, तर पुन्हा गुणाकार करत बसण्यापूर्वी प्रश्न पुन्हा वाचावा.

रसग्रहणाच्या परीक्षेत वाचनाचे हेच कौशल्य वेगळ्या रूपात लागते. केंब्रिजमधील समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय तपासून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचकांच्या अडचणींत त्यांनी पहिले स्थान कवितेचा साधा अर्थच न लागण्याला दिले आणि ठरावीक प्रतिक्रिया, म्हणजे कवितेने न सुचवता वाचकाने आपल्याकडून आणलेली भावना, हीही एक अडचण म्हणून नोंदवली. भारतीय काव्यशास्त्रानेही अर्थाचा असाच क्रम सांगितला आहे. अभिधा ही शब्दशक्ती वाच्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ, देते. त्या अर्थाला बाध आला की लक्षणा लक्ष्यार्थाकडे नेते. आणि व्यंजनेने सूचित अर्थ कळतो. गंगेवर वस्ती आहे असे म्हटल्यावर प्रवाहात घरे असू शकत नाहीत हे ज्याला जाणवते, त्यालाच ‘गंगेच्या काठावर’ हा लक्ष्यार्थ आणि त्या जागेची शीतलता व पावित्र्य हा व्यंग्यार्थ लाभतो. गाईडमधून उचललेला व्यंग्यार्थ वाच्यार्थ न समजता लिहिला की तो त्या कवितेला लागू पडतो की नाही, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही.

म्हणून अपरिचित कविता किंवा उतारा समोर आल्यावर पहिल्या वाचनात कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे पाहावे. दुसऱ्या वाचनात सूर कोठे बदलतो, कोणता शब्द अनपेक्षित आहे, कोणती प्रतिमा पुन्हा येते यांच्या खुणा कराव्यात. आणि त्यानंतरच लेखणी उचलावी. उत्तरातील प्रत्येक विधानामागे मजकुरातील नेमका शब्द पुरावा म्हणून यावा आणि त्या शब्दाने ते विधान कसे सिद्ध होते याचे स्पष्टीकरण द्यावे. कवीच्या चरित्राची पाठ केलेली माहिती या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

तयारीसाठी दोन्ही विषयांत चुकांची वही ठेवण्यासारखा उपाय नाही. गणित चुकले की नुसते बरोबर उत्तर उतरवून न घेता चूक वाचनाची, एककाची, मांडणीची की आकडेमोडीची, हे त्यापुढे नोंदवावे. रसग्रहण परत मिळाले की कोणते विधान पुराव्यावाचून राहिले, ते अधोरेखित करावे. महिन्याभरात आपली सवयीची चूक कोणती, हे त्या वहीतून कळू लागते, आणि उरलेला वेळ सगळ्या धड्यांवर सारखा न वाटता त्या चुकीवर खर्च करता येतो. औषधमात्रेचा सराव रोज थोडा, घड्याळ लावून आणि शक्यतो कॅल्क्युलेटरशिवाय करावा, तर रसग्रहणासाठी आठवड्यातून निदान एक न वाचलेली कविता घेऊन तिच्यावर गाईड न उघडता लिहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी २०१७ मध्ये जगभर मोहीम सुरू केली, यावरून औषधमात्रेच्या पेपरातील एका गुणामागे काय दडलेले असते, हे ध्यानात यावे. रसग्रहणातील चुकीने कोणाच्या जिवाला धोका होत नाही, परंतु दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची जी सवय त्यातून लागते, ती वॉर्डातही उपयोगी पडते. तेव्हा पेपर हाती पडल्यावर विद्यार्थ्यांनी पहिली मिनिटे निःशंकपणे वाचनाला द्यावीत. तो वेळ वाया जात नाही.