जुनी जग्वार घ्यावी काय?

प्रश्न : १९६२ सालची 'जग्वार मार्क २' विक्रीस आहे, घ्यावी काय? (एक वाचक, श्रीगोंदा)

उत्तर : १९५९ ते १९६७ या काळात निघालेली ही सहा सिलिंडरांची मोटार इंग्रजी कारागिरीचे मनोहर उदाहरण असली, तरी तिला निराळी चौकट नसून पत्र्याचे अंगच सारा भार वाहते, म्हणून आतील अक्रोडी लाकडावर मोहित होण्यापूर्वी गाडी उचलून दारांखालचा पत्रा टोचणीने टोचून पाहावा, आणि टोचणी आत शिरल्यास सौदा निःसंकोच मोडावा. इंजिन दुरुस्त होते. गंज पिच्छा सोडत नाही. मूळ रूपात राखलेल्या, ५० वर्षांवरील खाजगी मोटारीस २०२१ च्या नियमांन्वये 'व्हीए' मालिकेत नोंद मिळते, मात्र नित्य वापराची मुभा नाही. इंजिन व चासी क्रमांक दस्तऐवजांशी ताडून, अहिल्यानगरच्या परिवहन कार्यालयात खातरजमा होईपर्यंत इसार देऊ नये.